एस्तेलाचे वासे

"थांब," डॉन लिबोरियो ओरडला. "आणखी कापलंस तर होडी म्हणून काही उरायचंच नाही."

ओफेलियानं ग्राइंडर बंद केला आणि तोंडावरचा फडका खाली ओढला. 'एस्तेला'च्या तळात ती गुडघ्यांवर बसली होती. कापलेल्या फायबरमधून काळं पाणी झिरपत होतं. तिनं फटीत हात घालून मूठभर लाकूड बाहेर काढलं. लाकूड कसलं, भिजलेल्या पावाचा लगदा. तिनं तो पिळून त्याच्या पायाशी टाकला.

"या वाशाच्या जोरावर तुम्ही रात्र रात्र समुद्रात जात होता."

"वरून तर ठणठणीत आहे."

"वरून असतेच. फायबर कुठं कुजतं? आतलं लाकूड कुजतं. कुणीतरी स्क्रू मारला असेल, तिथून वर्षानुवर्षं पाणी मुरत गेलं."

डॉन लिबोरियो मेरोनं तो लगदा पायानं उलटवून पाहिला. मग म्हणाला, "मीच मारले. फळी बसवायला."

ओफेलिया पिलिग्वा मूळची इथलीच, ला प्लायिता गावची. पण हे काम ती शिकली ते मांता शहरातल्या एका कारखान्यात, पाण्याच्या टाक्या करता करता. कारखाना बंद पडल्यावर ती गावी परतली, तेव्हा कोळ्यांनी तिचं नाव टाकीवाली ठेवलं. डागडुजी द्यायचे, होडीचा तळ मात्र कुणी तिच्या हाती दिला नव्हता. जुना कारागीर गावात असता तर लिबोरियोनंही दिला नसता. तो लेकीकडे राहायला गेला आणि लिबोरियोचा इलाज खुंटला.

तळाला ताठ ठेवणारे दोन्ही वासे तिनं उकरून काढले. आता 'एस्तेला' म्हणजे नुसतं कवच. हातानं दाबलं तरी पोट आत जात होतं. आकार बिघडू नये म्हणून ओफेलियानं खाली टायर लावले, कडेनं टेकू दिले. आतला भाग नीट वाळल्याशिवाय नवं लाकूड बसवणं शक्य नव्हतं. उधाण शुक्रवारी येणार असं बंदरावरून सांगितलं होतं. तोवर होडी वाळून, वासे बसून तयार झाली असती.

उधाण बुधवारीच आलं.

दुपारी जेवून ओफेलिया खाली आली तर मासळीच्या शेडपर्यंत फेस पोचला होता. बाकीच्या होड्या ट्रॅक्टरनं ओढून कधीच वर नेल्या होत्या. 'एस्तेला' एकटीच खाली होती आणि डॉन लिबोरियो तिच्या पुढच्या टोकाला, नाळेला, दोर बांधत होता.

"सोडा तो दोर!" ती धावतच ओरडली. "ट्रॅक्टरनं ओढली तर मधून मुडपेल. आत काही नाहीये तिच्या!"

"मग काय करू? बघत बसू?"

"हातांवर उचलायची. सगळ्या बाजूंनी, एकदम. तीसेक माणसं पाहिजेत."

डॉन लिबोरियोनं दोर खाली टाकला. गावात त्याच्या हाकेला एकही माणूस आला नसता.

काही वर्षांपूर्वी भर समुद्रात सेगुंदो आंचुंदियाचं इंजिन बंद पडलं होतं. लांबून 'एस्तेला' दिसली तेव्हा सेगुंदोनं अंगातला शर्ट काढून हलवला. लिबोरियोनं तो पाहिला आणि होडी वळवून निघून गेला. त्या दिवसांत चाचे असाच शर्ट हलवत, आणि जवळ गेलं की बंदूक रोखून इंजिन काढून नेत. लिबोरियो भ्यायला. कुणीही भ्यायलं असतं. पण सेगुंदो वाहत वाहत कुठच्या कुठे गेला. एका मोठ्या जहाजानं त्याला उचललं तोवर वाहताना पायाला झालेली जखम सडली होती. पाय कापावा लागला. तेव्हापासून गावात लिबोरियोशी कुणी बोलत नसे.

होड्या उचलणाऱ्यांचा मुकादम होता सेगुंदोचा थोरला भाऊ, हासिंतो. ओफेलिया त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. शेडमध्ये पाण्याच्या भीतीनं सामान उचलणं चाललं होतं.

"माणसं दे, हासिंतो."

"कुणासाठी?"

"तुला माहितीये कुणासाठी."

"ट्रॅक्टर लाव की."

"वासे काढलेत. मोडेल."

"मोडू दे मग. त्याला कळू दे, डोळ्यांदेखत आपलं काही जाणं म्हणजे काय असतं."

सेगुंदो मागे खोक्यावर बसून मासे साफ करत होता. सुरी न थांबवता तो म्हणाला, "होडीनं तुझं काय घोडं मारलंय रे?"

"तू गप बस."

"का? पाय गेला, तोंड आहे अजून. या टाकीवालीचं पहिलं मोठं काम आहे. ते बुडलं की ती परत टाक्याच करत बसणार. तिनं काय केलंय आपलं?"

हासिंतोनं हातातलं जाळं आपटलं. मग म्हणाला, "येतो. पण तो तिथं नको. किनाऱ्यावर मला दिसायला नको. दिसला की हात काढून घेईन, होडी अधांतरी असली तरी."

हा निरोप घेऊन ओफेलिया परत गेली. डॉन लिबोरियो गुडघाभर पाण्यात उभा राहून पाठीनं होडीला टेकू देत होता. तिनं सांगितलं. त्यानं ऐकलं.

"माझी होडी, आणि मीच नको?"

"असंच म्हणाला तो."

"तू काय म्हणतेस?"

"मी होडीचं बघतेय, डॉन लिबोरियो. लवकर काय ते ठरवा."

एक लाट टायरवर फुटली. होडीचा मागचा भाग उचलला गेला, आणि मधे तळ पार वाकला. लाट ओसरली. डॉन लिबोरियोनं होडीवर एकदा हात ठेवला, टोपी डोक्यावर घट्ट दाबली आणि चढणीच्या वाटेला लागला.

वाट अरुंद. वरून माणसं उतरत होती, हासिंतो सर्वांत पुढे. ती सगळी कडेला सरकली, याला जाऊ दिलं. त्यानं मान वर केली नाही. एवढा मोठा देह, पण त्या माणसांमधून जाताना आक्रसल्यासारखा दिसला.

"काठाला धरून ओढू नका," ओफेलिया लाटांच्या वर आवाज चढवून सांगत होती. "खाली हात घाला! तळाला खांदे लावा! मी म्हणेन तेव्हाच!"

"ऐका रे, टाकीवाली सांगतेय," कुणीतरी म्हणालं, पण हसलं कुणी नाही.

होडी उठली. चार पावलं नीट गेली. मग पाठीमागून लाट आली, मागच्या माणसांचे पाय निसटले आणि सगळं वजन मधल्यांवर आलं. काड्कन आवाज झाला.

"मोडली!"

"सोडू नका!" ओफेलिया वाकून होडीखाली शिरली. "कुणी सोडू नका, मी खाली आहे!"

वर ते सगळं ओझं, आणि पाणी कमरेपर्यंत. ती तळावर बोटं फिरवत गेली. तडा होता, पण फक्त वरच्या रंगाला. आतलं फायबर शाबूत होतं. "चला!" ती खालूनच ओरडली, "चला, चला!" आणि पाठ तळाला लावून तीही चालू लागली. हासिंतो तिच्या शेजारी होता, त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. कोरड्या वाळूवर सेगुंदो बसल्या बसल्या टायर ढकलून जागेवर लावत होता. त्या टायरांवर त्यांनी 'एस्तेला' ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी.

माणसं हात झटकत निघाली. हासिंतो जाताना एवढंच म्हणाला, "मी खांदा लावला, हे त्याला सांगू नकोस."

उधाण ओसरल्यावर होडी पुन्हा उन्हात वाळली. डॉन लिबोरियो आता रोज पहाटे येई. कोण कोण आलं होतं, हे त्यानं विचारलं नाही. एकदाच म्हणाला, "नीट उचलली त्यांनी."

"हो," ओफेलिया म्हणाली.

वासे बसवायच्या सकाळी तिनं चिकटवायला दाट रेझिन कालवलं, तळावर पसरलं, त्यावर नवा वासा ठेवला आणि म्हणाली, "इथं दाबून धरा. मी सांगेपर्यंत हलायचं नाही. हललात तर मधे पोकळी राहील, आणि परत पाणी शिरेल."

लिबोरियो होडीत ओणवा झाला आणि दोन्ही पंजांनी वासा दाबून बसला. घट्ट होता होता रेझिन तापू लागलं, वास नाकात भरला. तेवढ्यात खालच्या वाटेनं कोळी समुद्राकडे निघाले. होडीच्या अगदी जवळून जाणारी ती वाट. हासिंतो पुढे होता, खांद्यावर जाळं.

डॉन लिबोरियोनं मान वर केली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसायला हात मोकळा नव्हता.

"बुएनोस दियास, हासिंतो," त्यानं सकाळचा नमस्कार घातला. आवाज बराच घोगरा निघाला.

हासिंतोची पावलं किंचित मंदावली. मग पुन्हा पहिल्यासारखी पडू लागली. त्याच्या मागून दुसरे गेले, तिसरे गेले. लिबोरियोनं एकेकाचं नाव घेऊन तेच म्हटलं. उत्तर कुणाचंच आलं नाही.

"हलू नका," ओफेलिया हळूच म्हणाली.

"हललो नाही," तो म्हणाला.