पाकिटाचं शीड

चित्रकलेच्या बाईंनी रद्दीच्या गठ्ठ्याची सुतळी कापली आणि सगळे कागद जमिनीवर ओतले. सातवीची मुलं त्यावर तुटून पडली. सुट्टीचं कोलाज करायचं होतं, दिवाणखान्याएवढ्या भिंतीवर, आणि नवे कागद मागवायला नकोत म्हणून मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आपल्या कपाटातली रद्दी पाठवली होती. उद्या संस्थेचे अध्यक्ष येणार होते. भिंत भरलेली दिसली पाहिजे, एवढाच हुकूम होता.

"बाई, मी सुट्टीत नुसता झोपतो. काय चिकटवू?"

"उशी चिकटव. आणि घोरू नकोस."

"बाई, हे फाडू?" दुसऱ्याने एक तपकिरी पाकीट वर धरलं.

बाईंनी ते हातात घेतलं आणि त्या होत्या तिथेच थबकल्या. पाकिटावर चित्रकला स्पर्धेचा पत्ता होता, मोठ्या बाईंच्या वळणदार अक्षरात. रोज फळ्यावरचा सुविचार त्याच अक्षरात असायचा, त्यामुळे ते शेंबड्या पोरालाही ओळखता आलं असतं. कोपऱ्यात पाच तिकिटं होती. एकाही तिकिटावर टपालाचा शिक्का नव्हता. आत गेल्या वर्षीची बारा चित्रं जशीच्या तशी होती.

गेल्या वर्षी भर प्रार्थनेत मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "स्पर्धेचा निकाल लागला. आपली बाराच्या बारा चित्रं नापास. चित्रकलेच्या तासाला काय चालतं ते कळलं." आठवड्याला दोन तास असायचे, त्यांचा एक झाला. बाईंनी मान खाली घालून तेही सोसलं. पण त्या दिवसापासून बारांतल्या एका मुलीने, मुंगीने, ब्रश हातात धरला नव्हता. मुंगी हे मुलांनीच ठेवलेलं नाव. ती न बोलता कामात असायची. "मला नाही येत, बाई," म्हणून ती वर्षभर दुसऱ्यांच्या कागदांना नुसती खळ लावत होती. आणि परीक्षकांना नसेल आवडलं गं, अशी तिची समजूत खुद्द बाईंनीच घातली होती.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पोस्टात टाकायचा विसर पडला असेल, माणूस विसरतं. पण ते झाकायला बारा पोरांना नापास करायचं? चारचौघांत केलंत ना, चारचौघांतच परत करते. त्यांनी चित्रं काढून घेतली आणि पाकीट कोलाजसाठी भिंतीवर आखलेल्या होडीवर धरून पाहिलं. शीड म्हणून अगदी मापात बसत होतं. पत्त्याची बाजू वर, बरोबर अध्यक्षांच्या नाकासमोर.

मुंगी खळीचं भांडं घेऊन शेजारी उभी राहिली होती.

"बाई, हे माझे आजोबा." बाकावर पेपर तोंडावर घेऊन झोपलेला म्हातारा सगळ्यात वर होता. "परत आलं?"

"गेलंच नव्हतं."

"म्हणजे कुणी बघितलंच नाही?"

"नाही."

"मग नापास कुणी केलं?"

मुंगीने पाकिटावरचं अक्षर वाचलं, मग आपलं चित्र हात लांब करून न्याहाळलं.

"हाताची बोटं चुकलीत," ती म्हणाली. "बाकी बरंय." आणि वर्षात पहिल्यांदा तिने पेन्सिल मागितली.

शाळा सुटायच्या वेळी फक्त शीड लावायचं राहिलं होतं. बाईंनी पाकिटाला खळ लावायला घेतली आणि त्यांना आपलं नेमणुकीचं पत्र आठवलं. ते दर वर्षी नवं निघायचं, आणि या वर्षीचं मोठ्या बाईंच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं. मग पत्त्याच्या बाजूलाच खळ फासून त्यांनी पाकीट उलटं चिकटवलं. शीड कोरं दिसलं. घाबरट, त्या स्वतःलाच म्हणाल्या. चित्रं खणात टाकून, मुंगीला भांडी धुवायला सांगून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सगळी सातवी भिंतीजवळ रांगेत उभी होती. अध्यक्षांनी उशी बघितली, डोंगर बघितले, आणि ते होडीशी थांबले.

"शिडावर पत्ता आहे की."

बाईंनी झटकन वर पाहिलं. पाकीट सुलटं होतं. ओली खळ सोडवताना कडा सुरकुतल्या होत्या, अक्षर थोडं फुटलं होतं, पण वाचता येत होतं.

अध्यक्षांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि ते मोठ्या बाईंना म्हणाले, "तिकिटांवर शिक्का नाही. या स्पर्धेत आपली चित्रं नापास झाली, असं तुम्ही अहवालात लिहिलं होतं ना?"

मोठ्या बाईंनी शिडाकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्या रांगेकडे वळल्या. "हे कुणी लावलं?"

मुंगीच्या नखांत वाळलेली खळ होती. तिचा हात हळूहळू वर येऊ लागला.

"मी लावलं," बाई म्हणाल्या. मुंगीचा हात खांद्यापाशीच थांबला. बाईंना वाटलं होतं आवाज कापेल, पण तो कापला नाही, उलट ते शब्द जिभेवर गोड लागले. "आतली बाराही चित्रं माझ्या खणात आहेत."

त्यांनी मोठ्या बाईंच्या डोळ्यांत बघून विचारलं, "आणू?"