शंभर टक्के जोडलेलं गाव

जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला बोरपाणी नावाचं गाव आहे. तिथे इंटरनेट आलं तेव्हा डफडं वाजलं, फेटे बांधले गेले, नारळ फुटला आणि वेशीवर पाटी लागली: ‘शंभर टक्के जोडलेलं गाव. प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी इंटरनेट.’ पाटी एवढी भव्य होती की तिच्यामागे बसथांबा झाकला गेला.

तार मात्र खांबावरून निघाली, ग्रामपंचायतीत शिरली, तिथून सरपंच नारायणरावांच्या घरी गेली आणि दमली. नारायणरावांचा मुलगा अकोल्याला शिकत होता, म्हणजे घरात विद्यार्थी असा कोणी नव्हता. पण त्यांच्या पत्नी वच्छलाबाई रोज दुपारी मोबाइलवर बघून पिझ्झा शिकत होत्या. शिक्षण काय फक्त शाळेतलंच असतं?

नाल्यापलीकडच्या बौद्धवस्तीत राहणाऱ्या दीपमालाला हे पटत होतं. तिच्या बारावीला आणि सीईटीला पटत नव्हतं. कॉलेजचे सर व्हिडिओ आणि सराव चाचण्या मोबाइलवर पाठवायचे, आणि वस्तीत रेंज नव्हती. रेंज होती पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर. तिथे संध्याकाळी गावातली पोरं बसत. दिवेलागणीनंतर पोरींनी तिथे बसणं गावाला शोभत नसे. तेव्हा गावाची शोभा राखण्यासाठी दीपमाला उजेडीच घरी यायची आणि मोबाइलवर गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत फिजिक्स शिकायची.

एकदा ती ग्रामपंचायतीत जाऊन विचारून आली.

“काका, आमच्याकडे तार कधी येईन?”

“आली ना वं पोरी,” नारायणराव म्हणाले. “पाटी नाई वाचली का? कागदावर तुमच्या घरी नेट आहे. आता पुन्हा मागतलं तं वरचे म्हणतीन, एका घराले दोनदा काऊन पाह्यजे?”

दीपमाला घरी आली आणि पुन्हा त्या गोल फिरणाऱ्या चकतीसमोर बसली.

मग जिल्ह्यावरून निरोप आला. मोठे साहेब योजनेचा आढावा घेणार होते, आणि बोरपाणीतल्या एका विद्यार्थिनीशी तिच्या घरून, व्हिडिओवर, सगळ्या तालुक्यांसमोर बोलणार होते. नाव त्यांनीच काढलं होतं. दहावीला तालुक्यात पहिली आलेली दीपमाला.

जी तार कित्येक महिने नाला ओलांडू शकली नव्हती, ती त्या सकाळी कडुनिंबावरून आणि शेजारच्या कलाबाईच्या छपराच्या टिनांवरून उड्या मारत दीपमालाच्या घरात येऊन पोचली. पाठोपाठ वायफायचा डबा आला, ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर आला, टेबल आलं, भिंतीचे पोपडे झाकायला पडदा आला. शेवटी स्वतः नारायणराव आले.

“बसा ना भाऊ,” दीपमालाची आई बेबीताई म्हणाली. “निवडणूक नसताना आले, पहिल्यांदाच पाय लागले तुमचे.”

नारायणरावांनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि दीपमालाच्या हातात भाषणाचा कागद दिला. “एवढंच वाचजो. मनाचं काही बोलू नोको.”

“अन् मंग तार राहीन ना?”

“पाहू ना,” नारायणराव म्हणाले.

तार जोडणारा गणेश सरळ माणूस होता. तो म्हणाला, “मले तं संध्याकाळी गुंडाळून आणाले सांगतलं.”

सरपंच बाहेर गेल्यावर दीपमाला आईला म्हणाली, “मी साहेबाले सगळं खरं सांगून टाकते.”

“सांग,” बेबीताई म्हणाली. “साहेब वाईट वाटून घेतीन, चौकशी लावतीन. चौकशी होईलोक तुही सीईटी होऊन जाईन. अन् तार तं आजच जाईन.”

दीपमाला कागदाकडे बघत राहिली. त्यात तिने सरपंचांचे आभार मानायचे होते. आभारच मानायचे, तर हात आखडता कशाला घ्यायचा, असं तिच्या मनात आलं.

कॉम्प्युटर सुरू झाला. स्क्रीनवर साहेब आणि चौकटीचौकटीत इतर गावांचे सरपंच दिसले. दीपमालाने कागद वाचला. ‘माझ्या घरी ज्ञानगंगा अवतरली’ या वाक्याला साहेबांनी मान डोलावली. मग तिने कागद खाली ठेवला.

“सर, अजून एक सांगायचं आहे. आमचे सरपंच स्वतःहून सांगणार नाहीत, त्यांना संकोच वाटतो. ही तार ते कायम ठेवणार आहेत. आणि वस्तीतल्या बाकी सगळ्या विद्यार्थ्यांच्या घरीही ते महिनाभरात जोडणी देणार आहेत.”

कॅमेऱ्याच्या मागे नारायणरावांच्या तोंडातला पान-सुपारीचा तोबरा हलायचा थांबला.

“वा! कुठे आहेत सरपंच? समोर या,” साहेब म्हणाले. “खरं का हे?” शंभर टक्के जोडलेल्या गावात आणखी घरं उरली कशी, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

नारायणराव फेटा सावरत समोर आले. साऱ्या जिल्ह्याचे सरपंच त्यांच्याकडे बघत होते.

“हाव साहेब,” ते म्हणाले. “संकोचच वाटून राह्यला होता.”

“छान. पुढच्या महिन्यात मी त्या प्रत्येक घरी असंच बोलेन.”

कॉम्प्युटर बंद झाल्यावर नारायणराव बराच वेळ घाम पुसत होते. “पोट्टी लय हुशार निघाली वं बेबीताई.”

“तालुक्यात पहिली आलती ना भाऊ. तुमीच तं सत्कार केला होता.”

गणेशला तार गुंडाळावी लागली नाही. उलट नवं बंडल आणावं लागलं. आधी दहावीतल्या अश्वजितच्या घरी जोडणी गेली, मग कलाबाईच्या नातीकडे. मधेच वादळात कडुनिंबाची फांदी पडून तार तुटली. तेव्हा नारायणरावांनी एवढी धावपळ केली, की लोकांना वाटलं त्यांच्याच घरचं नेट गेलं.

एका संध्याकाळी मोबाइलवर बातम्या चाळताना दीपमालाला दिसलं, की साहेबांची बदली झाली आहे. नवे साहेब कोण, त्यांना कशाची आवड, ते बोरपाणीला फोन करतील का, काहीच सांगता येत नव्हतं. अजून बरीच घरं बाकी होती. तिने आईला बातमी दाखवली.

“सरपंचाले माहीत आहे का?” बेबीताईने विचारलं.

“त्यांच्या घरच्या नेटले पिझ्झ्यातून सवड भेटली तं माहीत पडीन.”

दोघी माय-लेकी हसल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. नारायणरावांना बातमी कळली तेव्हा शेवटच्या घराच्या भिंतीवर गणेश खिळे ठोकत होता, आणि दारात उभी असलेली माणसं सरपंचांनाच दुवा देत होती. एवढ्या दुवा घेतल्यावर खिळे उपटायला सांगणं त्यांना जमलं नाही.

त्या आठवड्यात दीपमालाने घरी बसून पूर्ण अभ्यासक्रमाची पहिली सराव चाचणी दिली. मार्क निम्मेच पडले. तिला रडू आलं, मग राग आला, आणि मग बेबीताईने ताटात भाकर वाढेपर्यंत ती चुकलेल्या पहिल्या प्रश्नाचा व्हिडिओ, मधे एकदाही न अडकता, शेवटपर्यंत बघत बसली.