अमेरिकेतला फळा

"आणि डस्टर कुठंय यात?" सहदेवराव घागांनी विचारलं.

रतनने माउसवरचा हात काढला. गेला अर्धा तास ती वडिलांना हे पान कसं उघडायचं, कुठे लिहायचं, कोणतं बटण दाबायचं ते समजावत होती. आणि त्यांचा पहिला प्रश्न हा होता.

"डस्टर कशाला हवंय, बाबा?"

"कालचं पुसायला."

"पुसायचं नसतं. नवीन लिहिलं की ते वर येतं, जुनं आपोआप खाली सरकतं. तीच तर गंमत आहे."

"म्हणजे आजच्या खाली कालचं लोंबत राहणार?"

"हो."

"आणि त्याच्याखाली परवाचं?"

"हो, बाबा."

"याला गंमत म्हणतात होय," सहदेवराव म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले.

एकोणीसशे नव्याण्णवचा नोव्हेंबर होता. नौपाड्यातल्या ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये रतन शिकवत असे, तिथे सकाळची पहिली बॅच यायला अजून वेळ होता. ओळीने ठेवलेल्या मशीनांवर प्लॅस्टिकची आवरणं होती. फक्त तीन नंबरचं उघडं होतं, कारण मराठी फॉन्ट त्या एकाच मशीनवर घातलेला होता. आठ दिवसांपूर्वी रतनला अमेरिकेतली एक वेबसाइट सापडली होती. तिथल्या चौकोनात काहीही टाइप करावं, बटण दाबावं, की ते तारीखवेळेसह तुमच्या पानावर लागे. फुकट. रतन सहसा कशाने हरखून जाणारी मुलगी नव्हती, पण हे तिने घरी दोनदा सांगितलं होतं.

"याला वेबलॉग म्हणतात," ती म्हणाली.

"लॉग म्हणजे लॉगबुकातला?" सहदेवरावांनी मान वर केली. वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कारखान्यात पंपहाउस सांभाळताना त्यांनी नोकरीभर लॉगबुक भरलं होतं. "लॉगबुकात खाडाखोड चालत नाही, ते कबूल. पण मग फळ्यासारखं आहे असं का सांगितलंस? फळा पुसल्याशिवाय चालत नाही."

"दोन्हींसारखं आहे."

"दोन्हींसारखं काही नसतं," सहदेवराव म्हणाले.

त्यांचा फळा कोपरीत होता. त्यांच्याच सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीवर, काळा रंग दिलेला, वर पत्र्याचं छोटं छप्पर असलेला. एकोणीस वर्षं रोज सकाळी ते त्यावर लिहीत आले होते. पाणी किती वाजता येणार, रक्तदान शिबिर कुठे, कुणाची मुलगी बारावीला पहिल्या वर्गात आली, कोण वारलं आणि अंत्ययात्रा किती वाजता. लिहून झालं की हात झटकून ते रस्ता ओलांडत आणि दुधाच्या डेअरीपाशी पिशवी घेऊन उभे राहत. दूध कधीच घेऊन झालेलं असे. समोरून जाणारा एखादा माणूस चालता चालता थांबला, मान वर करून उभा राहिला, की सहदेवरावांचा दिवस सुरू होई. तेवढ्यासाठीच ते उभे असत, हे कोपरीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलून दाखवत नसे.

रोज न चुकता थांबणारा माणूस मात्र एकच, देवराम गुरुजी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. ते फळा वाचत नसत, तपासत. जिभेला बोट लावायचं, ऱ्हस्व वेलांटी पुसायची, खिशातला खडू काढून दीर्घ काढायची, आणि मागे वळून न बघता चालू लागायचं. समोर डेअरीपाशी सहदेवरावांची पिशवीवरची मूठ घट्ट होई.

"सकाळी सकाळी लोकांसमोर माझ्या 'सूचने'ला थुंकी लावतो हा माणूस," ते घरी येऊन म्हणत.

"तुम्ही ती बरोबर लिहा ना मग," बायको रंगूबाई आतून म्हणे.

"घाईत राहतं."

"एकोणीस वर्षं घाईत आहात."

त्या पावसाळ्यानंतर सोसायटीच्या सभेत ठरलं की कुंपणाची भिंत पाडायची आणि तिथे रस्त्याच्या बाजूला दुकानाचे चार गाळे काढायचे. हात वर करून मंजूर झालं. फळ्याचं काय, हे कुणी विचारलं नाही. सहदेवरावांनीही विचारलं नाही. आपल्याच तोंडाने काय सांगायचं. घरी येऊन ते खडूंचा डबा मांडीवर घेऊन बसले, तेव्हा रतनला अमेरिकेची आठवण झाली. सहदेवरावांना सकाळी लिहायला जागा हवी होती, आणि लिहिलेल्यापाशी कुणीतरी थांबायला हवं होतं. यातली पहिली गोष्ट रतनच्या हातात होती.

पहिल्या दिवशी त्यांनी एका बोटाने, एकेक कळ शोधत लिहिलं : आज सकाळी सात ते नऊ पाणी येईल. रतनने बटण दाबलं. पान उघडायला बराच वेळ गेला. मग अक्षरं दिसली, आणि त्याखाली बारीक इंग्रजीत तारीख आणि वेळ.

"ही कालची तारीख आहे," सहदेवराव म्हणाले. "आणि संध्याकाळचे सहा?"

"अमेरिकेतली वेळ आहे ती, बाबा. तिकडे अजून काल चालू आहे."

"मग त्यांना आजचं पाणी सांगून काय उपयोग?"

रतनने वेळ बदलायची सोय शोधली. वेबसाइट नवीन होती. सोय होती, पण दाबली की पान पांढरं होई. शेवटी सहदेवरावांनीच तोडगा काढला. रोज वर स्वतःच्या हाताने वार आणि तिथी टाकायची, फळ्यावर टाकत तशी. "खाली त्यांचं काल राहू दे. वर आपलं आज."

एक गोष्ट मात्र त्यांना फार आवडली. लिहिलेलं काचेच्या आत होतं.

"बाहेरून कुणी बदलू शकतं का?"

"नाही. पासवर्ड लागतो."

"कुणाचं बोट पोचत नाही?"

"कुणाचं नाही."

त्या दिवशी स्टेशनचा पूल ओलांडून कोपरीत परतताना सहदेवराव ताठ चालत होते. वाटेत गुरुजी भेटले. "आता मी अमेरिकेत लिहितो," सहदेवरावांनी सांगितलं.

"तिथे ऱ्हस्वदीर्घ चालत असतील दोन्ही," गुरुजी म्हणाले आणि पुढे गेले.

महिनाभराने भिंत पडली. तोवर सहदेवराव भिंतीवर आणि काचेत दोन्हीकडे लिहीत होते. आता फक्त काच उरली. रतनने त्यांचं पान एकदा सहज खालपर्यंत बघायचं ठरवलं, तर खाली काहीच नव्हतं. महिनाभराच्या लिखाणातली एकच नोंद होती, आजची.

"बाबा, बाकीचं कुठे गेलं?"

"पुसलं."

"रोज?"

"लिहायच्या आधी. ते बटण सापडलं मला, तू नाही सांगितलंस तरी." ते थोडे खूश होते. "झालं गेलं पाणी वाचून काय करायचंय कुणाला?"

रतनने आणखी एक फुकटची वस्तू त्यांच्या पानावर लावून दिली. पानाच्या तळाशी एक काळी पट्टी आणि तिच्यात पांढरे आकडे. कुणी पान उघडलं की आकडा एकाने वाढे. सहदेवराव बघतच राहिले. अगदी पंपाच्या मीटरसारखे आकडे होते ते, एक खाली जाऊन दुसरा वर येईल असे.

"म्हणजे डेअरीपाशी उभं राहायला नको," ते हळूच म्हणाले.

पंधरवड्यात आकडा शंभराच्या पुढे गेला. घरी जेवताना ते सांगत, "आज आणखी सात." रंगूबाई विचारी, "कोण हो?" ते भाताकडे बघत म्हणत, "असतील बाहेरगावचे." रतन मान खाली घालून जेवत असे.

मग डोंबिवलीहून भाच्याचा, तानाजीचा, फोन आला. त्याच्या ऑफिसात इंटरनेट आलं होतं.

"मामा, तुमचं पान उघडलं मी. पण हे काय लिहिलंय? एस, ए, डॉलर, मग कंस, परत एस. मला वाटलं कीबोर्डवर मांजर चाललं."

"मराठीत आहे ते."

"मराठीत नाही हो मामा. मी मराठीच आहे."

रतनने फोन घेतला. फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला असंच दिसणार, ती म्हणाली. फ्लॉपीवर देते, टाक. पण तानाजीच्या ऑफिसात व्हायरसच्या भीतीने बाहेरची फ्लॉपी चालत नव्हती. फोन ठेवल्यावर सहदेवराव म्हणाले, "म्हणजे सगळ्या जगात तीन नंबरच्या मशीनवरच मी मराठीत आहे."

"सध्या," रतन म्हणाली.

"मग शंभराच्या वर गेलेत ते कोण?"

रतनने फोनची वायर सरळ केली.

मीटर तपासायची एक साधी रीत असते. पुढचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि बघायचं, काटा फिरतो का. सहदेवरावांनी सर्दीचं निमित्त करून दोन दिवस नौपाड्याला जाणं टाळलं. तिसऱ्या दिवशी जाऊन पान उघडलं. मागच्या वेळी होता त्याच्यापुढे आकडा फक्त एकाने सरकला होता, आणि तो एक म्हणजे ते स्वतः. त्यांनी पुसलं, लिहिलं, बटण दाबलं. आकडा आणखी एकाने वाढला.

पण त्या दिवसापासून त्यांच्या लिखाणात चुका वाढू लागल्या. रतनला वाटलं, लक्ष लागत नसेल. 'परिक्षा' आली, 'हार्दीक' आलं. एका सकाळी तर 'दिर्घ' लिहिलेलं दिसलं.

"बाबा, हे चुकलंय."

"राहू दे."

"दुरुस्त करते ना."

"तू नको करूस," सहदेवराव म्हणाले. मग जरा वेळाने, "गुरुजी दिसतात का गं तुला कधी?"

गुरुजी दिसत होते. ते रोज सकाळी त्याच वेळी फळ्याच्या जागी येत आणि गाळ्यांचं बांधकाम बघत उभे राहत. पहिल्या गाळ्याला पाटी लागली, 'लक्ष्मी स्विट्स', तेव्हा त्यांनी जिभेला बोट लावलं होतं. पण ऑइलपेंट पुसला गेला नाही, आणि मालकाने "ओ आजोबा, पाटी चाटता काय" म्हणून हटकलं. तेव्हापासून त्यांनी हात मागे बांधले होते.

हे सगळं ठमाबाई बघत होती. ती कोळीवाड्यातून येऊन कोपऱ्यावर मासळीची पाटी मांडून बसे. तिला वाचता येत नव्हतं. फळा होता तेव्हा ती गुरुजींकडून तो वाचून घेई.

"गुरुजी, तो घाग रोज नौपाड्याला जाऊन लिवतो म्हणं," ती म्हणाली.

"लिहितो."

"मंग तुमी इथं काय भिंती मोजताव? जाऊन बघा तरी काय लिवलंय. मना वाचता येत नाय. तुमाला येतं ना?"

दुसऱ्या दिवशी गुरुजी क्लासच्या दारात उभे होते. धोतर नीट सावरून, खिशात खडू.

सहदेवराव तीन नंबरपुढे बसले होते. रतन पुढच्या मशीनांची आवरणं काढत होती. तिने बघितलं आणि आवरणं काढत राहिली.

"या," सहदेवराव म्हणाले. खुर्ची ओढून दिली आणि पान पुन्हा उघडलं.

"मी वाचायला नाही आलो. इकडे काम होतं," गुरुजी बसत म्हणाले. त्यांनी काचेपासून दूर, मान मागे करून बघितलं. "हे काय खाली? आकडे?"

"वाचणारे मोजतात. तुम्ही आल्यावर उघडलं, तेव्हा शेवटचा वाढला. तो तुमचा."

"आणि आधीचे?"

सहदेवरावांनी कीबोर्डवर अडकलेला एक कण नखाने काढला. "मी. उघडलं की मोजतं. लिहून बघितलं की मोजतं. पुसलं गेलं का बघायला गेलो की तेही मोजतं."

गुरुजींना टोमणा मारायला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती. पण त्यांनी चष्मा वर सरकवला आणि पानावरची तिथीखालची एकुलती एक ओळ ओठ हलवत वाचली. नागरीकांना सुचना : पाणि जपून वापरावे. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"तीन चुका," ते म्हणाले.

"हो का."

"नागरिक आणि सूचना तुमच्या नेहमीच्या आहेत. त्या सुधारणार नाहीत. पाणी मात्र तुम्ही आजवर एकदाही चुकला नाहीत, सहदेवराव. पाणी मुद्दाम चुकवलंय."

सहदेवराव काचेकडे बघत राहिले. कान लाल झाले होते. रतनच्या हातातलं आवरण सळसळलं आणि थांबलं.

"बोट चालत नाही ना यात?" गुरुजींनी विचारलं.

"नाही. मलाच करावं लागतं. तुम्ही सांगा."

"मग आधी पाणी दीर्घ करा," गुरुजी म्हणाले आणि खुर्ची थोडी पुढे घेतली.

सहदेवराव एका बोटाने दुसऱ्या वेलांटीची कळ शोधू लागले.