खिडकीपुरता महाल

"आत माणूस आहे, की नुसतंच कपाट?"

नऊ वर्षांपूर्वीचा हा आवाज. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि मी माझ्या निळ्या टपरीत शेगडीला पाय लावून बसलेली. आमच्या मंगोलियात, उलानबातरच्या टपऱ्यांना खिडकी वीतभर, तीही खाली. ऊब निसटू नये म्हणून. गिऱ्हाइकाला वाकावंच लागतं. आतून मला दिसतात हातमोजे, बाह्या, बटणं. चेहरा क्वचितच.

"कपाटच आहे," मी म्हटलं. "तिसऱ्या फळीवर मीही आहे. काय देऊ?"

"पाइनच्या बिया. पेलाभर."

हे नामसराय मास्तर. रशियन शिकवून निवृत्त झालेले, बायको गेलेली. माझाही नवरा त्याआधीच गेला होता. तेव्हापासून रोज पेलाभर बिया, आणि वर चिमूटभर शिकवणी.

"यांजमाबाई, तुमच्या टपरीला रशियनमध्ये किओस्क म्हणतात. शब्द मुळात इराणकडचा. बागेतला छोटा महाल. राण्या तिथे हवा खायला बसायच्या."

"हवा इथेही भरपूर येते, मास्तर. दाराच्या फटीतून."

शेजारी बूट शिवणाऱ्या दाग्वाने हे ऐकलं. झालं! "राणीसाहेब, एक सिगरेट बक्षीस द्या," असं तो सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडू लागला. मीही मग पेला भरताना गुणगुणायची :

पत्र्याचा गं महाल, खिडकी वीतभर
राजा मागे बिया, पाहीना नजरभर

मास्तर खोकायचे आणि सुटे पैसे पुन्हा मोजायचे.

एक गोष्ट मात्र मला खुपायची. पांढऱ्या महिन्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, जो भेटेल त्याची हातभेट घ्यायची. धाकट्याने थोरल्याच्या कोपरांखाली हात धरायचे, "सुखरूप ना?" विचारायचं. फक्त नवराबायकोने तेवढी एकमेकांची घ्यायची नसते. त्यावरून दाग्वा दरवर्षी म्हणायचा, "वर्षातून एक दिवस तरी बायकोच्या हातातून सुटतो!"

मास्तर दाग्वाची हातभेट घेत. थांब्यावरच्या अनोळखी पोरांचीही घेत. माझ्या खिडकीशी आले की मिठाई देत, तपकिरीची कुपी पुढे करत, पण कोपरं अंगाला घट्ट. एकदा मी मुद्दाम दोन्ही हात बाहेर काढले. त्यांनी त्यावर वाळवलेल्या दह्याचा पेढ्यासारखा गोळा ठेवला!

"खिडकी लहान पडते हो," दाग्वा मला समजवायचा.

"मन लहान पडतं," मी म्हणायची.

यंदा नोटीस आली. पदपथ रुंद होणार, सण संपला की टपऱ्या उचलणार. लेक दारखानहून रोज फोन करत होती, "आई, ये ना इकडे." इथल्याच भाजीबाजारात एक गाळाही मिळत होता. पण राहायचं कुणासाठी? ज्याला आपली कोपरं माझ्या हाती देववत नाहीत, त्याच्यासाठी? सणापर्यंत थांबायचं मी ठरवलं.

सणाच्या सकाळी खिडकीत ओळखीचा हातमोजा आला. मी बिया दिल्या नाहीत. दार उघडलं आणि बाहेर पदपथावर जाऊन उभी राहिले. नऊ वर्षांत प्रथमच मास्तर मला पायांपासून टोपीपर्यंत दिसले. वाटलं होतं त्यापेक्षा बुटके निघाले.

"आज खिडकीची सबब नाही," मी हात पुढे केले. "तुम्ही एकाहत्तर, मी पासष्ट. आणा कोपरं."

मास्तरांनी हात पाठीमागे नेले.

नवा अंगरखा घालून आलेला दाग्वा बायकोला म्हणाला, "अगं थांब, जाऊ नको, बघ."

"उद्या मी दारखानचं तिकीट काढणार," मी म्हटलं. "एवढं सांगा मास्तर. सगळ्या शहराची भेट घेता, माझीच का नाही?"

त्यांचे कान लाल झाले. थंडीनेही होतात.

"एकदा घेतली असती, तर तुम्हीही बाकीच्या शहरासारख्या झाला असता, यांजमाबाई," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "नवराबायकोने घ्यायची नसते ना... तेवढी जागा मी नऊ वर्षं राखून ठेवली होती."