रिकाम्या हातानं

लातूर जिल्हा झाला आणि नरसिंग त्यात कारकून झाला. उस्मानाबादेहून फायली ट्रकनं येत होत्या, कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरत होत्या, आणि बदलून आलेला जो तो खोली शोधत हिंडत होता. नरसिंगला गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत दोन खोल्या मिळाल्या, तशी त्यानं हदगावकडच्या खेड्यातून आईला उचलून आणलं. बाप ग्यानोबा कधीच गेलेला, आणि ह्याचं लग्न अजून व्हायचं होतं. सरजाबाईनं नांदेडला एसटी बदलली आणि पत्र्याची ट्रंक मांडीवर घेऊन लातुरात उतरली. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलेल्या बाईला लेक म्हणाला, की आता तुझ्या हाताला माती लागू द्यायची नाही. हे ऐकून कोणत्या आईला बरं वाटणार नाही?

पहिला पगार झाला आणि गोलाईच्या बाजारातल्या दुकानातून सायकलरिक्षानं महिन्याचा किराणा आला. सरजाबाईनं असं काही कधी पाहिलं नव्हतं. मजुरी करणाऱ्याचा किराणा रोज संध्याकाळी येतो. हातात पैसे पडले की तेलाची रिकामी बाटली घ्यायची, दुकानापुढं उभं राहायचं, त्या दिवसापुरतं तेल, मीठ, चहाची पुडी घ्यायची आणि घरी येऊन चूल पेटवायची. महिना ही नोकरदारांची गोष्ट. तिनं डबे घासून पुसून फळीवर मांडले, तूरडाळ, साखर, चहा, शेंगदाणे भरले, आणि दिवसातून चार वेळा झाकण काढून उगाच आत पाहिलं. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडून मिलोच्या, परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, घुगऱ्या खाल्लेली ती बाई. भरल्या डब्याचं सुख तिला शिकवायला नको.

पण नव्याचे नऊ दिवस. नरसिंग सकाळी जायचा, तो दिवेलागण झाल्यावर यायचा, आणि आला की जेवून अंथरुणावर पडायचा. दोन माणसांच्या भाकरी थापायला कितीसा वेळ लागतो? यंदा पावसानं पुन्हा दगा दिला होता, म्हणून पाणी टँकरनं यायचं. पण टँकरपाशी बाया भांडणापुरत्याच बोलायच्या. शेजारची बाई पहिल्या आठवड्यात कुंपणाशी आली. तिनं गाव विचारलं, आडनाव विचारलं, दारातून दिसणारी भिंतीवरची बुद्धाची तसबीर पाहिली, आणि पुन्हा कधी विरजणाला वाटीभर दहीसुद्धा मागायला आली नाही. सरजाबाई मात्र विरजण रोज राखून ठेवायची. न जाणो, आली तर!

दुपार झाली की तिला घर खायला उठायचं. दात आहेत तर चणे नाहीत, तशी गत. आयुष्यभर बोलायला माणसं होती आणि डब्यात काही नव्हतं.

मग एके दिवशी चहापत्तीचा डबा हातातून सुटला आणि टँकरच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत पडला. पत्ती गेली, बादलीभर पाणीही गेलं. ती हळहळली, मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या आणि कोपऱ्यावर गौरम्माचं पत्र्याचं दुकान होतं, तिथं गेली.

गौरम्मा उदगीरकडची, कानडी मिसळून बोलणारी, आवाजानं दांडगी. दुकान एवढंसं, पण पुढं ही गर्दी. नव्या कचेरीच्या बांधकामावर विटा वाहणाऱ्या बाया मजुरी घेऊन आल्या होत्या. कुणाच्या हातात बाटली, कुणाच्या पदराला गाठ. अंगाखांद्यावर सिमेंट. एक म्हणत होती मुकादमानं अर्धा दिवस कापला, दुसरी सांगत होती भावजय बाळंत झाली. सरजाबाई तिथं उभी राहिली आणि तिला एकदम आपल्या गावात आल्यासारखं वाटलं. धोंडाबाई नावाच्या एकीनं विचारलं, "कुठली वं तू?" हदगावकडची म्हटल्यावर, तिकडं कापूस बरा पिकतो का, पाणी हाय का, अशी चौकशी निघाली. दहा पैशांच्या पुडीला तासभर लागला. त्या रात्री तिला भाकर गोड लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाय आपोआप दाराशी गेले. पण घ्यायचं काय? डबे तर भरलेले.

आता कुणी म्हणेल, नुसतं जाऊन बसायचं, त्यात काय एवढं? म्हणणाऱ्यानं बाहत्तर पाहिलेलं नसतं. त्या साली दुष्काळी कामाची मजुरी थकली होती. सरजाबाई गावच्या दुकानापुढं रिकामी बाटली घेऊन उभी होती, काही मागत नव्हती, चार बायांत उभी होती एवढंच. दुकानदार सगळ्यांदेखत म्हणाला होता, पैसा असला तर ये, नाहीतर माझ्या दुकानावर सावली पाडू नको. लहानगा नरसिंग तिचं बोट धरून होता. त्या दिवशी घुगऱ्या अळणी शिजल्या. आणि रिकाम्या हातानं दुकानापुढं उभं राहायचं नाही, ही गोष्ट तिच्या अंगात जी मुरली ती मुरलीच.

म्हणजे दुकानात जायचं, तर घरात काहीतरी संपलं पाहिजे. पण मिलो खाल्लेली बाई साखर मोरीत ओतील का? हात झडतील. तिनं दोन मुठी साखर फडक्यात बांधली, ट्रंकेत लुगड्याखाली ठेवली, आणि डबा पालथा करून झटकला. झाला रिकामा! संध्याकाळी ताठ मानेनं गौरम्माकडं गेली आणि साखरेची पुडी मागितली. पुढं डाळ गेली ट्रंकेत, मग शेंगदाणे, मग तेलाची एक बाटली चिंधीत गुंडाळून. स्वयंपाक ती अशा हातानं करायची की दोघांचं पोट भरावं आणि डबाही वेळेवर रिता व्हावा. असा महिना कुणी चालवला नसेल. वरखर्चाला नरसिंग जे ठेवायचा, ते सगळं गौरम्माच्या पुड्यांत जाऊ लागलं. गौरम्मा तिला अव्वा, म्हणजे कानडीत आई, म्हणायची, आणि धोंडाबाई तिच्यासाठी दुकानापुढच्या पालथ्या डब्यावर जागा धरायची.

नरसिंगनं एकदा विचारलं, "माय, येवढी साखर जाती कुठं?" गावाकडचं माणूस आलं व्हतं, असं ती म्हणाली. लेकाशी खोटं बोलताना तिची नजर चुलीवरून उठली नाही. त्यानं ते मानून घेतलं, पण ज्याच्या हाती घर दिलं त्या माणसावरचा विश्वास थोडा थोडा उडतो, तो तोंडावर दिसतो. तिला तो दिसत होता. तरी संध्याकाळ झाली की ती जायचीच.

भांडं फोडलं ते मुंग्यांनी. रविवारी नरसिंग घरी होता. मुंग्यांची रांग उंबऱ्यापासून निघून खाटेखाली चालली होती, तो वाकून तिच्या मागं मागं गेला आणि ट्रंकेशी पोचला. सरजाबाई भाकरी थापत होती. कडी वाजली आणि तिचा हात पिठात थांबला.

त्यानं एकेक गाठोडं बाहेर काढलं. साखर, डाळ, दाणे, तेलाची बाटली, चहाच्या न सोडलेल्या पुड्या. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. रागावला असता तर बरं झालं असतं, तिनं सांगून तरी टाकलं असतं. पण तो खाली फतकल मारून बसला आणि त्याचे डोळे भरून आले.

"माय, तू गोधडीत भाकर लपवून ठिवायचीस, मला सकाळला," तो म्हणाला. "आता दुकाळ न्हाई गं राहिला. आता कशाला लपवून राहिलीस?"

तिच्या ओठांवर आलं होतं. की बाबा, मला भूक अन्नाची नाही, दिवसभर ह्या भिंतींशी काय बोलू? पण तिनं त्याच्याकडं पाहिलं. ह्यानंही तिच्या शेजारी बसून खडी फोडली होती. भरलेले डबे हे त्या पोराचं स्वप्न होतं आणि त्यानं ते आईपुढं आणून मांडलं होतं. त्यात मी एकटी पडले, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? ती म्हणाली, पुन्हा न्हाई करणार. आणि थांबलेली भाकर तव्यावर टाकली.

दुसऱ्याच दिवशी पगार झाला आणि रिक्षा दोनदा आली. ज्वारीचं पोतं, तेलाचा अख्खा डबा, साखर, मीठ, काड्यापेट्यांचा पुडा, हळद, हिंग, सुईदोरासुद्धा. नरसिंगनं खाटेखाली, फळीवर, जागा मिळेल तिथं सगळं रचलं. कपाळाचा घाम पुसला आणि लहान पोरासारखा हसत म्हणाला, "बघ बरं माय, काई राहिलं का?"

सरजाबाईनं खरंच पाहिलं. एकेका डब्याशी थांबून, झाकण काढून पाहिलं. एखादी तरी वस्तू हा विसरला असेल, जिरे, मोहरी, चहात घालायची सुंठ. लेकानं काहीच विसरलेलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि ते आनंदाचं आहे असं समजून त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"सगळं आलंय, बाबा," ती म्हणाली.

तीन संध्याकाळी तिनं घरातच काढल्या. चौथ्या दिवशी तिनं तोंड धुतलं, लुगडं सारखं केलं, सवयीनं बाटली उचलली आणि परत ठेवली. काय भरायचं होतं तिच्यात? ती तशीच निघाली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत दोनदा माघारी फिरावंसं वाटलं. ऊन मावळतीला आलं होतं, तिची सावली लांब होऊन तिच्या आधी दुकानाच्या फळीवर जाऊन पडली. तिनं ती पाहिली आणि पाय जागच्या जागी खिळले.

गौरम्मानं तराजूवरून मान वर केली. चार दिवस कुठं होतीस, आमचा माल वाईट लागला का, असं तोंडावर टाकून तिनं विचारलं, "काय देऊ, अव्वा?"

बाया वळून बघू लागल्या. सरजाबाईनं दोन्ही हात पुढं धरले. हातात काहीच नव्हतं.

"कायबी नको," ती म्हणाली. "घर भरलंय माझं. म्हनून आले."

कुणी हसलं नाही. धोंडाबाई आपली बाटली घेऊन थोडी सरकली. गौरम्मानं तराजूतली डाळ कागदात ओतली, पुडी बांधली, आणि पालथा डबा पायानं पुढं लोटला.

"बस," ती म्हणाली.