फॉर्तुनातोच्या हातचा गज

मी चाकं मोजायचा लाकडी गज बोलतोय. एल आल्तो या डोंगरावरच्या शहरात, एका चढावर, सातुर्नीनाबाईंच्या टायरच्या दुकानात, मी खिळ्याला टांगलेला असतो. माझा एक जबडा पक्का, दुसरा सरकता.

मला घडवलं त्यांच्या नवऱ्याने, फॉर्तुनातोने. तो खाटा करणारा सुतार. एकदा जॅक निसटला आणि गाडी बाईंच्या उजव्या हातावर आली. हात कायमचा अधू झाला, चाकं उचलणं संपलं. लोक म्हणाले, आता दुकान मोडा आणि बटाटे विका. खाटेच्या उरलेल्या लाकडातून फॉर्तुनातोने मला तासलं आणि बायकोच्या डाव्या हातात दिलं.

तेव्हापासून माप घेताना चाक गाडीवरच राहतं. रिंगच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत मी पसरतो, बाई कडांची जाडी वजा करतात. बोल्टांमधलं अंतरही मीच घेतो, पण बोल्ट पाच असले तर ते समोरासमोर येतच नाहीत. मग एक सोडून पुढच्याला जबडा लावायचा. शेजारी उभं गिऱ्हाईक मात्र छातीठोकपणे सांगत असतं की सगळी चाकं सारखीच. न मोजता माणसांना एवढी खात्री कुठून येते कोण जाणे.

फॉर्तुनातो गेला. पाठोपाठ कार्निव्हालचा मंगळवार आला. त्या दिवशी इथे धरणीमातेला आणि हत्यारांना बिअर शिंपडतात. पान्यांना थेंबथेंब मिळाली. मला बाईंनी रडत रडत अख्खी बाटली पाजली, कारण मी त्याच्या हातचा. मी फुगलो आणि जबडा घट्ट आवळला गेला.

दुसऱ्याच दिवशी फॉर्तुनातोचा दोस्त इलारियोन मिनीबस घेऊन आला. त्याची लेक घाटाखालच्या कारानावीला बाळंतपणात अडली होती, तिला दवाखान्यात न्यायचं होतं आणि स्टेपनी चोरीला गेलेली. स्टेपनीशिवाय तो घाट उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. दुकानात जुन्या चाकांचा ढीग होता, पण जुळणारं कोणतं? टायरवरचे आकडे झिजलेले, बोल्टांमधलं अंतर तर कुठे लिहिलेलंच नसतं. एक चाक काढून ताडून पाहता आलं असतं. पण चारही चाकांच्या बोल्टांत रंगीत फिती गुंफलेल्या होत्या. कोपाकाबानाच्या चर्चमध्ये गाडीला आशीर्वाद घेताना त्याच्या बायकोने, प्लासिदाने, त्या बांधल्या होत्या. आता तीही नव्हती.

"वाटेत पंक्चर झालं तर फीत सोडीन, वहिनी," तो म्हणाला. "पण आज असं आपणहून नको वाटतं."

बाईंनी मला खाली घेतलं. जबडा हलेना. त्यांनी चाकू आणला, धार माझ्यावर टेकवली आणि थांबल्या. माझ्या अंगावर फॉर्तुनातोच्या रंध्याच्या खुणा होत्या.

इलारियोनने चाक सोडायला पाना उचलला. "राहू द्या वहिनी. त्याच्या हातचं लाकूड नका तासू."

"ठेवा तो पाना, भावोजी. त्याने मला हे मोजायला दिलंय, कवटाळून बसायला नाही."

माझी सालं निघाली. दुखलं. जबडा सरकला, अंतर मिळालं, ढिगातलं एक चाक बरोबर जुळलं. गाडी गेली आणि बाई कितीतरी वेळ सालं वेचत बसल्या.

वाटेत पंक्चर झालंच. इलारियोनने स्वतःच्या हाताने एका चाकाची फीत सोडली, ढिगातलं ते चाक चढवलं आणि वेळेवर पोचला. लेक वाचली, नातही.

आता मी जरा सैल आहे. रंध्याच्या खुणा गेल्या, त्या जागी बाईंच्या चाकूच्या वेड्यावाकड्या खुणा आहेत. तुमच्याकडे कुणा गेलेल्याच्या हातची वस्तू असेल तर एवढं ऐका, तिला कामाला लावा. झिजण्याचं आम्हाला दुःख नसतं.