नाशिकची पार्टी

आमच्या घरात मत्सर वाटला की "मला काय करायचंय" असं म्हणतात. जयमाला, म्हणजे माझी बायको, हे वाक्य दिवसातून साधारण दोनदा म्हणायची. माझ्या धाकट्या भावाच्या बायकोने, चंद्रिकाने, डहाणूजवळ कैनाडच्या चिकूवाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आणि ते प्रमाण सातवर गेलं. मी मोजलंय. एकतीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढलेल्या माणसाला आलं किती नि गेलं किती हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

जानेवारीत आमची मुलगी प्राजक्ता, जावई रोशन आणि तिचे सासू-सासरे पुण्याहून गाडी काढून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणार होते. अलिबाग, केळवे, डहाणू, मग दमण. डहाणूला शनिवारची एक रात्र. प्राजक्ताने हे फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि शेवटी विचारलं, डहाणूत राहायला कुठे बरं पडेल?

तिचं माहेर मसोलीला, डहाणू रोड स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. जयाने मेसेज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. ती काही लिहिणार तोवर चंद्रिकाचे फोटो येऊन पडले. पाच. झोपाळा, चुलीवरचं जेवण, वारली चित्रं काढलेली भिंत दोन बाजूंनी, आणि पांढऱ्या चादरीवर हंसासारखा दुमडलेला टॉवेल. प्राजक्ताने खाली लाल बदाम टाकला.

"टॉवेलचा हंस," जया म्हणाली. "मला काय करायचंय."

मग तिने त्या आठवड्यात काय काय केलं ते सांगतो. विहीणबाईंचे गुडघे दुखतात म्हणून न्हाणीघरात कमोड बसवला. पडदे बदलले. दोन नव्या गाद्या आणल्या. आणि प्राजक्ताला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. मी म्हटलं, अगं, निदान कळव तरी. तर म्हणाली, माहेरची कुणी जाहिरात करतं का? मुलीला कळायला हवं.

प्राजक्ताला काही कळल्याचं दिसेना. गुरुवारी जया म्हणाली, तलासरीला रश्मीकडे जाऊन येऊ. रश्मी तिची धाकटी बहीण, सरकारी नोकरीत. तिच्याकडे दोन फोन, त्यातला एक नंबर चंद्रिकाकडे नव्हता. चहा व्हायच्या आत माझ्या लक्षात आलं की आपण बहिणीला भेटायला आलेलो नाही.

जया त्या फोनवरून नाशिकच्या रुचिता मॅडम झाली. आवाज नाकातून काढला. रश्मीने स्पीकर लावला, कारण तिलाही ऐकायचं होतं. चंद्रिकाचं माहेर उंबरगावचं, तिचा प्रत्येक फोन "बोला बेन" करून सुरू होतो. रुचिता मॅडमनी पुढच्या शनिवारसाठी दोन्ही खोल्या मागितल्या. सहा माणसं, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता. चंद्रिकाने आगाऊ पैसेसुद्धा मागितले नाहीत, आमच्याकडे शब्दावर चालतं म्हणाली. सगळं इतकं सुरळीत झालं की जया जरा सैल सुटली. जेवायला काय करू, असं चंद्रिकाने विचारलं.

"निवट्या मिळतील का?" रुचिता मॅडम म्हणाल्या.

रश्मीने तोंडावर पदर घेतला. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी बोटभर मासळी. आम्ही तिच्यावर जीव टाकतो, पण मुंबईची माणसंही ती बघून ताट सरकवतात. नाशिकच्या बाईला तिचं नाव कुठून ठाऊक असणार? पलीकडे कुरकुरणारा झोपाळा थांबला. मग चंद्रिका गोड आवाजात म्हणाली, मिळतील ना, खाडीवरच्या जिव्याला सांगून ठेवते.

जयाला त्यात काही वावगं वाटलं नाही. एसटीत ती खिडकीशी बसून गुणगुणत होती. मी गप्प राहिलो. चुकीचं लेबल लागलेलं पार्सलही कुठेतरी पोहोचतंच, हे मी नोकरीत शिकलोय.

सोमवारी प्राजक्ताचा फोन आला. काकीच्या खोल्या भरल्यात, म्हणून आम्ही सरळ दमणला जातोय, तिथलं हॉटेल एक दिवस वाढवून घेतलं. वाटेत तासभर चहाला येतो. जया म्हणाली, अगं, इथे राहा, मी कमोड बसवलाय. प्राजक्ता हसली. म्हणाली, आई, दोन खोल्यांत आपण सहा माणसं, सासऱ्यांना भयंकर संकोच वाटेल. पुढच्या वेळी नक्की.

फोन ठेवून जया नव्या गादीवर बसली. गादीचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नव्हतं. आता तिच्यापुढे दोनच गोष्टी होत्या. खोल्या सोडायच्या आणि पोरगी स्वतःच्या हाताने चंद्रिकाला द्यायची, नाहीतर तिला दमणला जाऊ द्यायचं. खोटं कशाला सांगू, एक अख्खा दिवस तिने दमण पसंत केलं. मंगळवारी संध्याकाळी भाजी निवडताना म्हणालीसुद्धा, दमणचा किनारा चांगला आहे म्हणतात. पण प्राजक्ता दिवाळीनंतर आलेली नव्हती. बुधवारी सकाळी जयाने पर्स उचलली आणि आम्ही पुन्हा तलासरीला गेलो.

"बोला रुचिताबेन," चंद्रिका म्हणाली.

जयाने नाकातून सांगितलं की मिस्टरांची रजा नामंजूर झाली, बुकिंग रद्द करा.

"रद्द कशाला? निवट्या सांगून ठेवल्यात, भाभी."

जयाने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच फितूर. मी हात हलवून नाही म्हटलं.

"कधी कळलं तुला?" तिने विचारलं. नाक आपोआप मोकळं झालं होतं.

"त्याच दिवशी. आणि भाभी, प्राजूला खोल्या स्वतःसाठी नको होत्याच. एक सासऱ्यांना, एक सासूबाईंना. ते फार घोरतात. ती नि रोशन झोपायला मसोलीलाच येणार होते. मला म्हणाली, आईला आधी सांगू नको, ती आठ दिवस घर धूत बसेल. आता सासू-सासऱ्यांना परक्या हॉटेलात टाकून ती माहेरी कशी झोपेल? काकीचं घर असतं तर चाललं असतं."

जयाने मांडीवरची पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "हे तू मला त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कुठे तुमच्या आवाजात बोललात?" चंद्रिका म्हणाली. "आणि खरं सांगू? मलाही वाटलं, जाऊ दे दमणला. रांधून मी वाढणार, उष्टी मी काढणार, आणि पोरगी रात्री निघाली आईकडे."

रश्मी आत जाऊन उगाच भांडी लावू लागली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. दोन जावा, दोघींनी मिळून एका पोरीला दमणला धाडलं होतं, आणि दोघींनाही तिची वाट बघायची होती.

"चंद्रिका," जया शेवटी म्हणाली, "खोल्या मोकळ्या कर. मुलीला येऊ दे."

"केल्या," चंद्रिका म्हणाली.

प्राजक्ताने दमणचा वाढवलेला दिवस रद्द केला. शनिवारी संध्याकाळी सहाला सासू-सासऱ्यांना कैनाडला उतरवून ती नि रोशन आमच्या दारात उभे राहिले. व्याही-विहीणबाई रविवारी दुपारी आमच्याकडे जेवायला यायचे होते. प्राजक्ताच्या हातात बॅग होती, चेहरा उन्हाने रापलेला. जयाने बॅग घेतली नाही, तोंडावरून हात फिरवला नाही. दारातच विचारलं, "काकीकडे चहा घेतलास?"

"अर्धा कप," प्राजक्ता म्हणाली. "ती सोडेच ना."

"आणि यांनी?"

"मी पण अर्धाच, आई," रोशनने घाईने सांगितलं.

जया आत गेली. येताना तिच्या हातात ट्रे होता आणि दोन कप, काठापर्यंत भरलेले. ती दोघांसमोर उभी राहिली, हलेना. प्राजक्ताने नवऱ्याकडे पाहिलं, बॅग खाली ठेवली आणि कप उचलला. रोशननेही उचलला. दोघांनी तळ दिसेपर्यंत चहा संपवला, तेव्हा कुठे ती म्हणाली, "या, आत या."